सरदारानं घाट कशापायी बंद केला

आधी चहा घ्या. एकदा मी सांगायला लागलो की तुमचा कप हातातच राहणार, आणि शेवटी तुम्ही मलाच शिव्या घालणार. दोन्हीची मला सवय झालीय.

घोळ कोण घालत नाही? कुणी लग्नपत्रिकेत नवरदेवाचं नाव चुकवतं, कुणी दुसऱ्याच्याच मयताला जाऊन रडून येतं. मी हे दोन्ही केलंय. पण माझा खरा घोळ त्याच्यावरचा आहे. स्मशानात, रक्षाविसर्जनाच्या दिवशी, पन्नास पाव्हण्यांच्या पुढं उभं राहून मी एका कावळ्याला गोष्ट सांगितली. बरं, सांगितली ती सांगितली, त्याला ती पटली पण नाही.

हसा, हसा. मी पण हसलो असतो, पण रक्षा माझ्या सख्ख्या चुलत्याची होती.

तर पहिल्यापासनं सांगतो. निपाणीत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवड झाल्याबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. वर कानडी, खाली मराठी, मधे गॉगल घातलेला माणूस. आठवड्याचे सहा दिवस मी असले गॉगल चिकटवतो आणि रविवारी दुपारी चार वाजता आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून एक आख्खं राज्य चालवतो.

राज्य म्हंजे खेळ हो. रोलप्लेइंग गेम. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरायचं. कोण तलवारबाज होणार, कोण जादूगारीण. पुढं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि ते जमलं का फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. गोष्ट सांगतो तो गेम मास्टर, म्हंजे मी. राजा मी, राक्षस मी, गावातलं कुत्रं पण मीच.

खेळायला मुख्य दोघं. एक भरत. त्याचं खताचं दुकान आहे, जैन माणूस, घरात मुंगी मरू देत नाही आणि खेळात कुऱ्हाड घेऊन हिंडतो. मराठीत भांडून दमला की कानडीत भांडतो. दुसरी रेश्मा. हायस्कूलला गणित शिकवते, आमच्यात ती जादूगारीण. बाकी एक-दोघं येऊन जाऊन. आणि आमच्या राज्याचा नकाशा म्हंजे एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा बॅनर. त्याच्या फोटोच्या जागी मी चुकून त्याच्या विरोधकाचा फोटो छापला, त्यानं बॅनर माझ्या अंगावर फेकला, मी त्याची पांढरी बाजू पुढं केली आणि त्यावर डोंगर काढले. मागच्या खोलीत मधल्या दारावर तो आडवा ठोकून दिलाय.

हे मधलं दार लक्षात ठेवा. सगळं तिथंच अडलंय.

आमची दोन घरं एका भिंतीची. इकडं आम्ही, म्हंजे मी आणि आप्पा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिकडं अण्णा, म्हंजे आप्पांचे थोरले भाऊ, आणि काकू. त्यांना मूलबाळ नाही. आमचं पुढचं दार बाजाराच्या गल्लीत, त्यांचं मागच्या गल्लीत, आणि ह्या घरातनं त्या घरात जायला मागच्या खोलीतलं हे मधलं दार. अण्णांची हयात तंबाखूच्या वखारीत गेली. डाव्या पायानं जरा ओढत चालायचे, आणि खोकायचे. दोन बारके खोकले, मग एक मोठा. तीस वर्षं तसेच खोकत होते.

रोज दुपारी चारला ते मधल्या दारानं आमच्याकडं यायचे. आप्पा चहा ठेवायचे, दोघं समोरासमोर बसून प्यायचे. बोलायचे काय म्हणाल, तर काही नाही. शेवटी अण्णा उठायचे, म्हणायचे, "हां, चालू द्या तुमचं," आणि जायचे. चालू काय होतं ते आम्हाला कधी कळलं नाही.

टाळेबंदीच्या वर्षी, नुकती जरा ढील मिळाली होती तेव्हा, अण्णा यायचे बंद झाले. एक दिवस आले नाहीत, दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आप्पांनी दार ढकलून बघितलं, हललं नाही. "तिकडनं लावून घेतलंय," म्हणाले. ते दिवस तुम्हाला आठवतायत ना? ज्यानं त्यानं आपापलं दार लावून घेतलेलं. आप्पा रोज बाजारात जात होते, तवा अण्णा भ्याले असतील, असं आम्ही धरलं. आठवड्यानं उघडतील म्हटलं. महिना गेला. रोग गेला, मास्क गेले, शाळा उघडल्या. दार काही उघडलं नाही.

मी म्हटलं, आप्पा, जाऊन विचारतो. आप्पा म्हणाले, "विचारायचं न्हाय. त्यानं लावलंय, त्यानंच उघडावं." तिकडं अण्णांनी काकूला पण तीच ताकीद दिलेली, हे मला नंतर कळलं. नळावर काकू भेटायची, भाजी काय केली विचारायची, दाराचा विषय निघाला की घागर उचलायची. दोन्ही भाऊ एकाच मातीचे. ह्या घरात जेवण साधं आणि मान मात्र गाडाभर.

पाच वर्षं गेली अशी. आप्पा अजून चार वाजता दोन कपांचं आधण ठेवतात. एक पितात, दुसरा तसाच पातेल्यात राहतो आणि रात्री मी तो मोरीत ओततो. हे रोज बघून माणसाला राग येणार का नाही? मला आला. लई आला. आणि तो राग मी कुठं काढला? खेळात.

आमच्या मोहिमेला व्हिलन पाहिजे होता. व्हिलन असा हवेतनं बनत नाही, तो कुठनं तरी उचलावा लागतो. मी अण्णांना उचललं. काळघाटाचा सरदार. डावा पाय ओढत चालणारा. दोन बारके खोकले, मग एक मोठा. त्यानं डोंगरातला एकुलता एक घाट बंद केलाय, खालच्या गावांना मीठ मिळत नाही, औषध मिळत नाही, वऱ्हाडं अडकून पडलीत. आणि माणसं गयावया करायला गेली की हा म्हणतो, "हां, चालू द्या तुमचं." पहिल्यांदा मी तो आवाज काढला तेव्हा रेश्माच्या अंगावर काटा आला. मला लई भारी वाटलं. ज्या आठवड्यात आप्पा जास्त गप असायचे त्या रविवारी मी सरदाराला जास्त खोकायला लावायचो.

गोष्टीत खेळणाऱ्यांना ओढायला गळ टाकावा लागतो. मी गळावर गळ टाकले. मीठ संपलं हा एक. नवरी वर आणि नवरा खाली हा दुसरा. घाटातनं रोज एक रिकामी पालखी आपोआप खाली येते हा तिसरा, तो मला स्वतःला पण कळला नव्हता. पण काही टाका, भरत कुऱ्हाड मांडीवर घेऊन एकच विचारायचा.

"ते सगळं खरं. पण त्यानं घाट कशापायी बंद केला?"

इथं माझं घोडं पेंड खायचं. व्हिलनला हेतू पाहिजे. नुसता वाईट माणूस कुणाला पटत नाही. मी सांगितलं, त्याला शाप आहे, घाट उघडला तर त्याचा मुलगा मरणार. भरतनं वही काढली. तो खताच्या दुकानातल्या बिलबुकाच्या मागं सगळं लिहून ठेवतो. म्हणाला, दोन वर्षांमागं तूच सांगितलंयस, त्याला पोरबाळ न्हाय. मग मी सांगितलं, त्याची राणी घाटातनं पळून गेली. रेश्मानं फासे खाली ठेवले आणि विचारलं, बाई सोडून दुसरं काय सुचतच नाही का रे तुला? मग खजिना आणला. भरत म्हणाला, खजिना लपवणारा माणूस वाट चालू ठेवतो, वाट बंद केली की लोकांचं ध्यान जातं. धंदेवाला माणूस, त्याच्यापुढं काय बोलणार?

एकदा रेश्माच म्हणाली, "माझ्या वर्गात एखादं पोर रुसलं की शेवटच्या बाकावर जाऊन बसतं. विचारलं तर सांगत नाही. मागनं कळतं, कुणीतरी त्याला डब्यात घेतलेलं नसतं. तुझ्या सरदारालाही कुणीतरी आधी वाट अडवली असेल."

मी तिला उडवून लावलं. म्हटलं, एवढा मोठा सरदार आणि एवढंसं कारण? गोष्टीला शोभत नाही. पाच वर्षं मी हेतू शोधतोय ते काय डब्यासाठी?

यंदा दिवाळीच्या आधी अण्णा आजारी पडले. मंगळवारी त्यांना बेळगावला दवाखान्यात हलवलं. आम्हाला शेजाऱ्यांकडनं कळलं. आप्पा चप्पल घालून तसेच गाडीत बसले. आम्ही पोचलो तोवर नळ्या लावल्या होत्या. आप्पा खाटेपाशी अर्धा तास उभे राहिले. अण्णांनी एकदा डोळे उघडले, आप्पांकडं बघितलं आणि परत मिटले. गुरुवारी गेले.

परत येताना सबंध हायवेला आप्पा एकच वाक्य बोलले. "दार कशापायी लावलंस, तेवढं तरी सांगून जायचं हुतं." माझ्याकडं बघून नाही, खिडकीकडं बघून. माणूस गेला ते गेला, पण का रुसला होता ते बरोबर घेऊन गेला, हे त्यांना सोसवत नव्हतं. मला पण.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स मीच छापला. हजार लोकांचे छापलेत, पण शोकाकुलच्या खाली आपल्याच घरातली नावं टाकायची म्हंजे हात चालत नाही. अग्नी पण मीच दिला. भावकीत जरा कुजबूज झाली, पाच वर्षं बोलत नव्हती ही माणसं म्हणून. काकू म्हणाली, "संजूच देणार." विषय संपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षा. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. रक्षा सावडायची, मेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढून ठेवायचं, आणि सगळ्यांनी लांब सरकून कावळ्याची वाट बघायची. भात होता, वांग्याची भाजी होती, कांद्याची भजी, कपात चहा, बिडीचं बंडल. कावळा शिवला तर मन शांत. नाही शिवला, तर त्या माणसाचं काय तरी राहिलंय. मग एकेकानं पुढं येऊन अंदाज करायचा आणि वचन द्यायचं.

आता तुम्हीच विचार करा. सगळं गणगोत मिळून एका माणसाचा हेतू शोधतंय. ह्या कामात माझ्याएवढा अनुभवी माणूस त्या स्मशानात दुसरा कोण होता?

स्मशानातल्या शेडच्या पत्र्यावर तीन कावळे बसलेले. खाली बघत पण नव्हते. काकूचे भाऊ, चिकोडीचे मामा, पुढं झाले आणि म्हणाले, बहिणीला अंतर देणार न्हाय. कावळे जागेवर. कुणी म्हणालं, बारावं थाटात करतो. कावळे जागेवर. एकानं हुशारी केली, म्हणाला अण्णांना पेटवलेली बिडी लागायची. पेटवली. धुरानं तिघांतला एक कावळा उडाला. तास झाला. ढग आलेले, पाव्हणे घड्याळ बघायला लागले, मामांना चिकोडीची बस धरायची होती. आणि आप्पा एका बाजूला दगडावर बसून मातीकडं बघत होते. त्यांना वाटत होतं, माझ्यामुळंच अडलंय.

तेवढ्यात काकू माझ्याजवळ आली. पदर सावरला आणि म्हणाली,

"संजू, त्यास्नी ते सरदाराचं सांग."

मला काही समजेना. मामांनी विचारलं, कुठला सरदार? आणि मग काकूनं शांतपणे सगळ्यांपुढं सांगितलं. दर आइतवारी चार वाजता अण्णा मधल्या दाराला खुर्ची लावून बसायचे. पलीकडनं आमचा सगळा आवाज यायचा. काकूला टीव्ही लावायची बंदी. एक रविवार चुकला नाही. परवाच्या रविवारी अंगात ताप होता तरी बसले.

"म्हणाले, बाकी काय न्हाय, त्या सरदारानं घाट कशापायी बंद केला तेवढं कळाय पायजे."

पाच वर्षं मी त्यांचाच खोकला काढून दाखवत होतो, आणि ते लाकडाच्या एका फळीपलीकडं बसून ऐकत होते. मी खालच्या आवाजात विचारलं, "काकू, सरदार कसा वाटायचा त्यास्नी?"

"बरा वाटायचा की," काकू म्हणाली. "म्हणायचे, माझ्यासारखाच खोकतोय, बिचारा."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. जागा पण त्याच सोयीची होती.

पण पन्नास माणसं माझ्याकडं बघायला लागली. मेलेल्या माणसाची शेवटची इच्छा काय, तर व्हिलनचा हेतू. तो देणार कोण? गेम मास्टर. मी नैवेद्यापुढं जाऊन हात जोडले आणि सुरुवात केली. म्हटलं, अण्णा, त्या सरदाराला शाप होता. तपश्चर्या करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं दिलेला, घाटात. मग सवयीनं आवाज लागला. वारा आला, विजा आल्या, म्हातारा आला. पाव्हणे जरा जवळ सरकले.

"मुंद एनातु?" मामांनी विचारलं. पुढं काय झालं म्हणून. बस विसरले होते.

पुढं काय होणार? कावळे पत्र्यावरच. मी राणी आणली. बायकांच्यात कुजबूज झाली, म्हातारीकोतारी चुकचुकली. कावळे ढिम्म. मी खजिना आणला. एका कावळ्यानं चोचीनं पाठ खाजवली आणि तोंड फिरवलं. मागनं कुणीतरी म्हणालं, "कावळ्याला पटंना झालंय." आणि भरत, आमचा भरत, रुमालानं डोकं झाकून उभा होता, त्याच्या तोंडातनं सवयीनं निघून गेलं, "हेतू कच्चा हाय." भावकीतल्या चार माणसांनी माना हलवल्या.

मी चौथा हेतू काढणार एवढ्यात आप्पा दगडावरनं उठले. चालत पुढं आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं आणि त्या पानापुढं उकिडवे बसले.

"दादा," ते म्हणाले, "दार कशापायी लावलंस रं?"

बस, एवढंच. आई गेली त्यानंतर आप्पांना रडताना मी तेव्हाच बघितलं. माझ्या डोक्यातले शाप, राण्या, खजिने सगळे कुठल्या कुठं गेले. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "अण्णा, मला न्हाय म्हाईत. सरदाराचं बी न्हाय आणि तुमचं बी न्हाय. पण आता घरी गेल्या गेल्या ते दार उघडतो. मान-बिन काय न्हाय, उघडतो."

आम्ही उठून मागं सरकलो, आणि कावळा आला. भाताला तोंड लावलं, भजं उचललं, गेला. मामांनी मोठा श्वास सोडला. काकू खाली बसली. माणसं आंघोळीला पांगली.

इथं थांबलो असतो तर माझं भलं झालं असतं. पण नाही. माझ्या डोक्यात हवा गेली. हेतू मिळाला ना हो! पश्चात्ताप. मी नदीवर मामांना समजावून सांगितलं, पाव्हण्यांना सांगितलं. अण्णांनी भीतीपोटी दार लावलं, मग त्यांची त्यांना लाज वाटली, उघडावंसं वाटायचं पण मान आडवा यायचा, म्हणून दाराशी खुर्ची. सगळे धागे जुळले. भरतसुद्धा म्हणाला, हा हेतू पक्का हाय. गाडीत आप्पांना पण मी तेच सांगितलं. वर आणि म्हटलं, बघा आप्पा, चूक त्यांची होती, पण मन चांगलं होतं, आपण माफ करून टाकू.

आप्पांनी विचारलं, "म्हंजे त्याला उघडायचं हुतं म्हणतोस?"

"व्हय आप्पा."

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. माफ करणारा माणूस लई मोठा दिसतो बघा. मी आरशात बघितलं नाही, पण मी पण तसाच दिसत असणार.

घरी आलो. भरत आणि रेश्मा बरोबर होते. मी हातोडी घेतली, मागच्या खोलीत गेलो आणि दारापुढं उभं राहून मोठ्यानं हाक मारली. म्हटलं, काकू, तिकडनं कडी काढा.

पलीकडनं काकू म्हणाली, "कंची कडी?"

"दाराची."

"इकडं कुठाय रं कडी? ह्या दाराला पयल्यापासनं तुमच्याकडनंच कडी."

मला वाटलं, दुःखात बाई बोलतेय. मी नकाशाचे खिळे उपटले. डोंगर, नदी, खालची गावं, काळघाट, सगळं एका बाजूनं लोंबायला लागलं. आणि मागं दार दिसलं. वरच्या अंगाला कडी. आमच्या बाजूनं. घातलेली. ढिली होती म्हणून सटकू नये असा तिच्यात घडी करून कागद खुपसलेला.

आठवलं मला. सगळं आठवलं. आमच्या खेळाचा तो पहिला रविवार. चार वाजताची वेळ. चार वाजता अण्णा येणार, खोकणार, मधनंच चालत चहाला जाणार, "हां, चालू द्या तुमचं" म्हणणार, आणि माझ्या राक्षसाचा पार चुथडा होणार. म्हणून मी कडी घातली. दोन तासांसाठी हो. वरनं नकाशा ठोकला. खेळ असा रंगला की विचारू नका. आणि मी कडी काढायचं विसरलो.

अण्णा आले असणार. बरोबर चारला. ज्या दिवसांत खोकणाऱ्या माणसाला बघून जग रस्ता ओलांडत होतं, त्या दिवसांत सख्ख्या भावाच्या घराचं दार त्यांनी ढकललं आणि ते आतनं बंद. आत आम्ही हसतोय. ते काय समजले असतील ते मी तुम्हाला सांगत नाही, मला सांगवत नाही. आणि आमच्या आप्पांनी तिसऱ्या दिवशी काय केलं? आमच्याकडनं ओढायचं दार, नकाशावरनंच ढकलून बघितलं.

भरतनं माझ्या हातातली हातोडी घेतली. कडी गंजली होती, दोन ठोके मारावे लागले. कागद खाली पडला. दार ओढलं. पलीकडं पहिल्यांदा काय दिसलं तर खुर्ची. दाराकडं तोंड केलेली, बसून बसून गादी खोलगट झालेली. तिच्या मागं काकू उभी.

आप्पांनी कडीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग वाकून त्यांनी तो कागद उचलला, उलगडला, चष्मा नव्हता म्हणून लांब धरून बघितला आणि माझ्या हातात दिला.

"तुझं अक्षर हाय. वाच."

मी म्हटलं, आप्पा, राहू दे.

"वाच."

पहिल्या मोहिमेची तयारी होती ती. तीनच ओळी. मी वाचल्या.

"मोहीम पहिली. व्हिलन: अजून सापडला नाही. हेतू: नंतर बघू."

काकूनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून विचारलं,

"मग? सापडला का त्यो?"

"सापडला, काकू," मी म्हणालो.